रात्रपाळीच्या माशांचं जेवण

माशांच्या दुकानात कॅटफिश पिशवीत भरताना दुकानदार एक वाक्य हमखास टाकतो: ‘हा टाकीतली घाण खातो, याला वेगळं काही घालायला नको.’ घेणाऱ्यालाही ते बरं वाटतं. रंगीत मासे बघण्यासाठी आणि हा झाडलोटीसाठी, अशी वाटणी करून मंडळी घरी येतात. काही महिन्यांनी टाकी धुताना दगडामागे तो वाळून काडी झालेला सापडतो आणि ‘हे मासे आपल्याकडे जगतच नाहीत’ असा निकाल लागतो.

इतर माशांच्या विष्ठेवर कुठलाच कॅटफिश पोसला जात नाही. सकर काचेवरचं शेवाळ खरवडतो हे खरं, पण घरातल्या जेमतेम उजेडाच्या टाकीत ते किती असणार? पंधरा दिवसांत काच लख्ख होते आणि त्यानंतर त्याच्या पोटाला काही उरत नाही. कोरी या जातीची कॅटफिश वाळूत तोंड खुपसून फिरते ती किडे-अळ्या शोधत. पिक्टस आणि रॅफेल तर चक्क मांसाहारी. वरच्या गप्पी, टेट्रा, बार्ब यांनी झडप घातल्यावर तळाशी पोचते ती पाण्यात विरघळलेली भुकटी. तीही संध्याकाळी, टाकीचा दिवा लागलेला असताना, घरातली सगळी मंडळी समोर बसलेली असताना. त्या वेळी कॅटफिश लाकडाच्या आड अंग चोरून बसलेला असतो. टाकीत खाणं पुरेसं पडतं. वेळ आणि जागा मात्र आपण आपल्या सोयीची निवडलेली असते. लाजऱ्या कॅटफिशच्या उपासमारीचं मूळ बहुतेक वेळा एवढंच असतं.

म्हणून आधी आपला मासा कोणता ते नीट ओळखा. ‘कॅटफिश म्हणजे तळाचा मासा’ ही समजूत अर्धीच खरी आहे. कोरी तळावरच वावरते, पण ती पूर्ण निशाचर नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती जास्त हालचाल करते, आणि सहा-सात जणींचा घोळका असेल तर दिवसाही बिनधास्त फिरते. एकटी कोरी लाजते, जेवत नाही. तेव्हा तिच्या आहाराचा पहिला उपाय म्हणजे तिला सोबत आणणं. ब्रिसलनोज, म्हणजे तोंडावर मांसल दाढी असलेला छोटा सकर, पाच-सहा इंचांवर थांबतो आणि मुख्यतः शाकाहारी आहे. बाजारात नुसत्या ‘सकर’ नावाने मिळतो तो वेगळा. तो फूट-दीड फुटापर्यंत वाढतो आणि दोन फुटी टाकीत त्याला ठेवणं हाच मुळात अन्याय आहे. मोठा झाला म्हणून त्याला नदीत किंवा तळ्यात सोडू नका. दक्षिण अमेरिकेतून आलेला हा मासा भारतातल्या कित्येक पाणवठ्यांत आता मोकाट वाढतो आहे.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा रॅफेल सगळ्यांत लाजाळू. दिवसेंदिवस दिसत नाही आणि मालक त्याला मेलेला समजतात. पकडला की करकर आवाज करतो, म्हणून काही दुकानांत तो ‘टॉकिंग कॅटफिश’ म्हणून विकला जातो. चंदेरी अंगावर काळे ठिपके असलेला पिक्टस चपळ, अधाशी आणि रात्री धोकादायक. टाकीत नियॉन टेट्रा एकेक करून कमी होत असतील तर पाण्याला दोष देण्याआधी पिक्टसच्या पोटाकडे बघा. त्याला भरपेट घातलं म्हणून तो नियॉनला सोडेल अशी आशा ठेवू नये. तोंडात मावणारा मासा त्याच्यालेखी अन्नच. आपल्या नद्यांतले टेंगरेही कधीकधी टाकीसाठी विकायला येतात. त्यांची खोड तीच.

दोन मासे मात्र ‘तळाचा मासा’ या नियमात बसत नाहीत. काँगो नदीच्या खोऱ्यातला अपसाइड-डाउन कॅटफिश उलटा पोहतो आणि रात्री पृष्ठभागाच्या खालच्या बाजूने तोंड लावून खातो. त्याला तळाशी बसणारे दाणे घालण्यापेक्षा दिवा गेल्यावर तरंगणारं खाणं द्यावं. आरपार दिसणारा ग्लास कॅटफिश पाण्याच्या मधल्या थरात थव्याने उभा राहतो आणि वाहत येणारं खाणं टिपतो. तळाला पडलेल्या दाण्याकडे तो सहसा वळत नाही. त्याला बारीक गोठवलेलं खाणं फिल्टरच्या प्रवाहात सोडून द्यावं लागतं. हे दोन्ही मासे ‘कॅटफिशचे दाणे’ विकत आणूनही उपाशी राहू शकतात.

अंधारात यांना अन्न सापडतं कसं, हे कळलं की घालण्याची पद्धत आपोआप सुधारते. कॅटफिशच्या मिशांवरच काय, साऱ्या अंगावर रुचिकलिका असतात. आपल्या जिभेवर जे काम चालतं ते त्यांच्या त्वचेवर चालतं. जॉन बार्डाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या बुलहेड कॅटफिशवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. वास घेण्याची क्षमता काढून टाकली तरी हे मासे पाण्यात पसरलेल्या चवीचा माग काढत तिच्या उगमापर्यंत पोचत होते. तेव्हा ‘अंधारात त्याला दिसणार कसं’ ही काळजी सोडा. उलट उजेडाचाच त्याला त्रास. सकरच्या डोळ्यात बाहुलीवर लोंबणारी एक पाळी असते. भरपूर उजेडात ती पसरून बाहुली जवळजवळ झाकते आणि अंधारात आक्रसते. डोळ्याला स्वतःचा पडदा लावून घेणाऱ्या माशाला आपण एलईडीच्या झोतात जेवायला बोलावतो.

आता वेळ. पुस्तकी सल्ला असा की दिवा मालवल्यावर अर्ध्या तासाने खाणं घाला. आपल्या घरांत तो पुरा पडत नाही, कारण टाकी दिवाणखान्यात असते. टाकीचा दिवा नऊला जातो, पण खोलीतली ट्यूब अकरापर्यंत जळते आणि टीव्हीचा उजेड काचेवर नाचत राहतो. माशाच्या लेखी रात्र सुरू होते ती घर झोपल्यावर. म्हणून कॅटफिशचं जेवण हे रात्रीचं शेवटचं काम असू द्या. गॅसचा कॉक बंद केला, दाराची कडी लावली, खाणं टाकलं, खोलीतला दिवा घालवला. वेळ रोज साधारण तीच ठेवा. मासे वेळ शिकतात. काही आठवड्यांत तुमचा हात झाकणाला लागण्याआधीच मिशा बाहेर आलेल्या दिसतील. वेळेचा परिणाम केवळ सवयीपुरता नाही. आपल्याकडच्या शिंगी या कॅटफिशवर बी. आय. सुंदरराज आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. जेवण दिवस-रात्रीच्या चक्रात कुठे बसतं यावर या माशाची वजनवाढ अवलंबून असते, असं त्यात दिसलं.

रात्री घालायचं म्हणून संध्याकाळचं बंद करू नका. दिवसा जागणाऱ्या माशांना त्यांचं खाणं आधी द्या, जरा लवकर. त्यांची पोटं भरलेली असली की रात्रीच्या दाण्यांवर झडप पडत नाही. टायगर बार्ब आणि गोल्डफिश मात्र पोट भरलं तरी थांबत नाहीत. तिथे वेळेइतकीच जागा महत्त्वाची ठरते.

जागेसाठी सगळ्यांत उपयोगी हत्यार म्हणजे नळी. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप मिळतो. टाकीच्या उंचीपेक्षा वीतभर लांब तुकडा घ्या, धुवा, टोकं घासून गुळगुळीत करा. एक टोक कॅटफिशच्या बिळाच्या तोंडाशी टेकवा आणि वरून दाणे सोडा. दाणे वाटेत कुणाच्या तोंडी न लागता थेट दाराशी पोचतात. पाइप लगेच उचलू नका. दाणे भिजून जड होईपर्यंत मिनिटभर धरा, नाहीतर पाइपबरोबर तेही उसळून वर येतात आणि जागा झालेला एखादा बार्ब बरोबर टिपतो.

दुसरी गोष्ट, ताटली. वाळूत किंवा खड्यांत दाणा शिरला की तो कुजेपर्यंत कळत नाही. न रंगवलेली मातीची पणती तळाशी ठेवा आणि खाणं नेहमी तिच्यातच पडेल असं बघा. किती खाल्लं, किती राहिलं, हे सकाळी एका नजरेत कळतं आणि उरलेलं उचलणं सोपं जातं. दिवाळीनंतर घरात डझनभर पणत्या पडून असतात, पण तेलात भिजलेल्या चालणार नाहीत. कोऱ्याच घ्या. त्यांवर सोनेरी रंग आणि चमकी असेल तर त्याही नकोत.

अंगाने मोठे आणि आडदांड मासे सोबत असतील तर नारळाची करवंटी कामाला येते. करवंटी शेंड्या काढून उकळून घ्या, कडेला कॅटफिशच्या अंगाला बेताचं भोक पाडा आणि पालथी घाला. खाणं आत. कॅटफिश सरपटत शिरतो. एंजलसारख्या उंच अंगाच्या माशाला ते जमत नाही. पहिले काही दिवस करवंटीच्या भोवती नुसत्या चकरा होतील. काढून टाकू नका, भरवसा बसायला वेळ लागतो. ब्रिसलनोजचा नर तर तिलाच घर करून टाकतो, मग ताटलीसाठी दुसरी करवंटी शोधावी लागते.

फिल्टरचा झोत जिथे पडतो तिथे खाणं ठेवू नका. चव साऱ्या टाकीत पसरते आणि झोपलेलेही उठतात. संथ कोपरा बरा.

काय घालावं? तळाशी बसणारे दाणे आणि वेफर हा रोजचा आधार. पाकिटावरचं कॅटफिशचं चित्र पाहून घेऊ नका, घटक वाचा. सकर आणि ब्रिसलनोजसाठी स्पिरुलिना किंवा इतर वनस्पतिजन्य घटक आधी लिहिलेले असावेत. पिक्टस, रॅफेल, कोरी यांच्यासाठी माशाचा किंवा कोळंबीचा चुरा. कोरीला छोटा दाणा लागतो. वेफरचा रुपयाएवढा तुकडा तिला कुरतडता येतो, पण तेवढ्यात सकर तो अंगाखाली दाबून बसतो.

भाजी फक्त शाकाहाऱ्यांसाठी. काकडी, झुकिनी, तांबडा भोपळा यांचे जाडसर काप उकळत्या पाण्यात दोन मिनिटं मऊ करून गार करा. पालकाला अर्धं मिनिट पुरे. काप तरंगतो, म्हणून स्टीलच्या काट्यात खोचून सोडा. रात्री घातलेलं सकाळी बाहेर. आठवड्यातून दोन-तीनदा भाजी, एरवी वेफर. त्याशिवाय टाकीत एक जुनं, मुरलेलं लाकूड कायम असावं. सकर जातीचे मासे ते सतत खरवडत असतात.

मांसाहाऱ्यांना आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) द्यावेत. वडी वाटीभर टाकीच्याच पाण्यात विरघळवून, पाणी गाळून टाकून, मग नळीतून सोडा. ते लाल पाणी टाकीत ओतलं तर अन्नापेक्षा घाणच जास्त जाते. कोकण-गोव्याकडे राहणाऱ्यांना ताजी कोळंबी आणि जवळा हाताशी असतो. सोलून बारीक चिरलेल्या कोळंबीवर रॅफेल तुटून पडतो. सुका जवळा खारवलेला नसेल तरच, आणि तोही तासभर भिजवून. घरच्या कुंडीतलं गांडूळ उत्तम, पण त्या मातीत कीटकनाशक गेलेलं नसावं. बाजारात पाण्याच्या ट्रेमध्ये जिवंत ट्युबिफेक्स मिळतात, तिकडे मी बोट दाखवणार नाही. सांडपाण्याच्या गाळात वाढलेले ते किडे टाकीत कोणते जंतू आणतील याचा नेम नसतो. वाळवलेले ब्लडवर्म वापरणाऱ्यांनी भुकटी नाकाजवळ उडवू नये. त्याची ॲलर्जी असलेल्यांना शिंका येतात, डोळे चुरचुरतात, कुणाला दम्यासारखा त्रासही होतो.

आणि कणीक. नदीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या आणि चुरमुरे घालणं हे आपल्याकडे पुण्याचं काम. वाहत्या नदीत ते खपून जातं. साठ लिटरच्या टाकीत एक गोळी रात्रभरात पाणी दुधाळ करते. घरातल्या आजींना हे समजावणं अवघड असतं, तेव्हा त्यांच्या हाती वेफरचा डबा द्यावा आणि रोजचा एक वेफर त्यांच्याकडे सोपवावा.

रात्री खाणं घालण्यात एक खरा धोका आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. दिवसा टाकीतली झाडं प्राणवायू सोडतात. रात्री ती स्वतःच तो वापरतात. मासे वापरत असतातच. त्यात आपण टाकलेलं अन्न उरलं तर ते कुजवणारे जीवाणूही वापरू लागतात. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.५. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात टाकीचं पाणी तीस अंशांच्या वर जातं. आणि नेमकं रात्रीच, ‘फार घरघर करतो’ म्हणून लोक एअर पंप बंद करून झोपतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे असतात. कोरी आणि सकर वर येऊन हवा गिळू शकतात, त्यामुळे तेच तेवढे तग धरतात. रात्री खाणं घालायचं ठरवलं असेल तर रात्री पंप चालूच राहिला पाहिजे. आवाज कमी करायचा तर पंपाखाली फोमचा तुकडा घाला, भिंतीला टेकू देऊ नका. उन्हाळ्यात आणि ज्या दिवशी वीज जाण्याची भीती आहे त्या रात्री खाणं निम्मं करा किंवा टाळा. एक रात्र उपाशी राहिल्याने धडधाकट मासा मरत नाही.

उरलेल्या अन्नातून अमोनियाही वाढतो, आणि पाण्याचा पीएच जितका वर तितका तो जास्त विषारी. बोअरवेलचं जड, अल्कधर्मी पाणी वापरणाऱ्यांनी म्हणून जास्त सावध राहावं. पणती सकाळी सकाळी रिकामी करायची ती यासाठी.

किती घालावं याचं ठाम माप देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मोजपट्टी माशाच्या अंगावरच असते. सकर काचेला चिकटला की पोट खालून दिसतं. ते सपाट किंवा किंचित फुगीर हवं. पोट खपाटीला गेलं असेल, आत वाटीसारखी खळगी दिसत असेल, तर उपासमार चालू आहे. कोरीला समोरून पाहा. मिशांमागून पोटापर्यंतची रेघ गोलसर असावी. डोळे खोल गेलेले दिसले तर फार उशीर झालेला असतो. पिक्टसचं पोट जेवल्यावर गोळा होतं आणि दुसऱ्या दिवशी ओसरतं, त्याला घाबरू नका. रोज खाताना दिसतो आणि तरीही वाळत चालला आहे, असं असेल तर आतड्यात जंत असण्याची शक्यता धरा. तिथे आणखी अन्न ओतून उपयोग नाही, औषधाचं बघावं लागतं.

खाताना बघायचं कसं? टॉर्चवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबराने बसवा आणि लांबून, तिरका उजेड टाका. मंद लाल उजेडाला हे मासे फारसे बिचकत नाहीत. एकदा तरी रात्री बाराच्या सुमारास बघाच. तुमच्या टाकीतला खरा दादा कोण, हे तेव्हा कळतं. बरेचदा असं दिसतं की लाजरा रॅफेल दाण्यापर्यंत येतो आणि सकर शेपटीच्या फटकाऱ्याने त्याला हाकलतो. अशा टाकीत एका पणतीने भागत नाही. दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन ठेवा, एकात वेफर, दुसऱ्यात कोळंबी. सकरला दोन्हीकडे एकाच वेळी पहारा देता येत नाही.

नवा आणलेला कॅटफिश पहिले काही दिवस काहीच खाणार नाही. दुकानातही तो बहुधा उपाशीच असतो, म्हणून घेतानाच पोट बघून घ्या आणि खपाटीला गेलेला कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. घरी आणल्यावर टाकीचा दिवा दोन दिवस बंद ठेवा. त्याच्या अंगाला घासेल इतकं अरुंद बीळ द्या. मोकळ्या, ऐसपैस गुहेपेक्षा अंगाला भिडणारी फट त्याला सुरक्षित वाटते. सुरुवात कोरड्या दाण्याने न करता ब्लडवर्मने करा, कारण त्यांची चव पाण्यात लवकर पसरते. दर अर्ध्या तासाने दगड उचलून ‘आहे का’ ते पाहणं बंद करा. लपायची जागा रोज मोडणाऱ्या घरात कुठलाच लाजरा मासा जेवणार नाही.

राहिला प्रश्न गावाला जाण्याचा. चार-पाच दिवसांसाठी काहीच करू नका, नीट पोसलेला प्रौढ कॅटफिश सहज राहतो. बाजारात मिळणाऱ्या, पाण्यात हळूहळू विरघळणाऱ्या सुट्टीच्या वड्या टाळा. त्यांतलं अन्न दिवसाचे मासे संपवतात आणि गाळ तेवढा तळाला राहतो. आठवड्यापेक्षा जास्त असेल तर शेजाऱ्यांना डबा देऊ नका. प्रेमाने लोक मूठभर टाकतात. औषधाच्या पुड्यांसारख्या एकेका रात्रीच्या पुड्या बांधा, वर वार लिहा, दर दोन दिवसांआड एक. पाइप टाकीशेजारी ठेवा, कोणत्या कोपऱ्यात धरायचा तिथे काचेवर बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावा. भाजी आणि कोळंबी त्यांच्यावर सोपवू नका. जाण्याच्या आदल्या दिवशी टाकीचं थोडं पाणी बदला, फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळून घ्या, आणि शेजाऱ्यांना एवढंच बजावून जा की पंपाचं बटण दाबायचं नाही.